फक्त तुमच्यासाठी

[दृश्य: नवी पेठ. अरुंद जिना, पायऱ्यांवर चपलांचा ढीग. वर एक खोली.]

चार कॉट, एक टेबल फॅन, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. इथं राहणारे चौघंही राज्यसेवेच्या तयारीला पुण्यात आलेत. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, पुन्हा अभ्यासिका, आणि रात्री पाठ टेकली की मोबाइल. किती वेळ, असं विचारलं तर प्रत्येकजण अर्धा तास सांगतो. तो विषय आपण इथंच सोडू.

[दृश्य: कॉटवर शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन.]

यातला एक लातूरकडचा, दुसरा यवतमाळचा. वय जवळपास सारखं, परीक्षा एक, वाय-फायही एकच. दोघांनी एकाच वेळी यूट्यूब उघडलं. लातूरकराच्या स्क्रीनवर राज्यघटनेचं लेक्चर, निवड झालेल्या एका मुलीची मुलाखत आणि सोयाबीनचे बाजारभाव. यवतमाळकराच्या स्क्रीनवर मोटरसायकली, कुस्ती, आणि 'ही भरती आता विसरा' असं लाल अक्षरांत ओरडणारं एक चित्र. त्याखाली तसलीच आणखी तीन.

"माह्याकडे सोयाबीन येतच नाही बे," यवतमाळकर म्हणतो. शेती त्याच्याही घरी आहे.

"तू बघतच न्हाईस, मग येईल कसं?"

लातूरकराचं उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. कारण बघणं म्हणजे काय, हे ठरवणारा तो नाही.

[दृश्य: अंगठा. रील सरकते, सरकते, थांबते.]

इथं अंगठा थांबला. रस्त्यावर झालेल्या भांडणाचा व्हिडिओ होता. आवडला म्हणून थांबला का? नाही, "काय हा फालतूपणा" असं तो मोठ्यानं बोललाही. पण ॲपच्या हिशेबात शिसारीला रकाना नाही. किती सेकंद थांबलात, मागे नेऊन पुन्हा पाहिलंत का, कमेंटा उघडल्यात का, कुणाला पाठवलंत का, मुख्यतः हेच मोजलं जातं. ज्यांचे आकडे तुमच्यासारखे आहेत त्यांनी पुढं काय पाहिलं, तेही जोडीला घेतलं जातं. मग हजारो व्हिडिओंतून, तुम्ही कशावर खिळून राहण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधून एक क्रम लावला जातो. याला आपण अल्गोरिदम म्हणतो आणि उगाच घाबरतो. गणित आहे ते. आणि गणित कशाचं मांडायचं हे माणसं ठरवतात, कंपनीच्या बैठकीत.

त्याचे दाखले आहेत. २०१२ पर्यंत यूट्यूबवर क्लिकला मोठी किंमत होती; त्यामुळं वर चित्र एक आणि आत भलतंच, असे व्हिडिओ बोकाळले. त्या वर्षी कंपनीनं मोजमाप बदललं आणि पाहण्यात गेलेल्या वेळाला महत्त्व दिलं. फेसबुकनं २०१७ मध्ये रागाच्या चेहऱ्यासकट सगळ्या इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं. म्हणजे चिडून उमटवलेला एक लाल चेहरा पाच अंगठ्यांच्या बरोबरीचा! ही गोष्ट २०२१ मध्ये कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून बाहेर आली. तोवर रागाचं वजन शून्यावर आणून झालं होतं, पण मधली वर्षं तुम्ही-आम्ही त्याच फीडवर, म्हणजे ॲपनं लावून दिलेल्या त्याच रांगेवर काढली.

आपल्याकडं वळण आलं ते २०२० मध्ये. २९ जूनला भारत सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, आणि जुलैतच इन्स्टाग्रामनं इथं रील्स आणल्या. टिकटॉक गेलं, त्याची रीत मात्र राहिली: तुम्ही कुणाला फॉलो करता याला फारसं महत्त्व नाही, अनोळखी माणसाचा व्हिडिओही थेट तुमच्या हातात येणार.

[दृश्य: शास्त्री रस्ता, संध्याकाळ. क्लासचे फलक, झेरॉक्सची दुकानं, चहाची टपरी.]

ऑगस्ट २०२४ मध्ये याच रस्त्यावर हजारो विद्यार्थी ठाण मांडून बसले होते. एमपीएससीची पूर्वपरीक्षा आणि बँकांची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी आली होती. २२ तारखेला आयोगानं परीक्षा पुढं ढकलली. या खोलीतल्या मुलांच्या फोनवर तेव्हा दुसरं काही नव्हतं. सगळा महाराष्ट्र याचबद्दल बोलतोय असं वाटत होतं, असं ते सांगतात. दोन किलोमीटरवर, डेक्कनच्या पलीकडं, स्पर्धा परीक्षेशी देणंघेणं नसलेल्या कुणाच्या तरी फोनवर हा रस्ता फक्त नकाशात लाल दिसला असेल. त्या लाल रेषेलाही आपल्याच फोनांची हालचाल लागते, हा भाग वेगळा.

[दृश्य: फोनवर गादीची जाहिरात. मग बातमीखाली तीच. मग क्रिकेटच्या स्कोअरखाली तीच.]

कॉटवरची गादी पार बसली, म्हणून यवतमाळकरानं एकदा नवीचे भाव पाहिले. तेव्हापासून गादी त्याची पाठ सोडत नाही. लातूरकरालाही ती दिसू लागली, आणि खोलीत एकमत झालं: फोन आपलं बोलणं ऐकतो.

जाहिरातींसाठी माइक चोरून चालू ठेवला जातो, असं कुणी पुराव्यानिशी सिद्ध केलेलं नाही. खरं सांगायचं तर त्याची गरजच पडत नाही. प्रत्येक अँड्रॉइड फोनला जाहिरातींसाठी एक ओळख क्रमांक असतो. ब्राउझरमध्ये कुकी असते, म्हणजे तुम्हाला पुन्हा ओळखण्यासाठी साइटनं ठेवलेली छोटीशी नोंद, तीही १९९४ पासून. ॲप उघडलं की जाहिरातीच्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव पुकारला जातो: अमुक क्रमांकाचा फोन, पुण्यातला, अमुक ॲप वापरतोय, गादी बघून गेलेला. बोली लागते, कुणीतरी जिंकतं, जाहिरात उमटते. सगळं साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. दोघांचं वाय-फाय एक, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता एक, म्हणून शेजारच्यालाही गादी.

गादीची कटकट फार तर. खरी अडचण दिसणाऱ्या जाहिरातीची नसतेच.

[दृश्य: सदाशिव पेठ. विजेच्या खांबावर चिकटवलेले कागद, खाली कातरलेल्या फोन नंबरच्या पट्ट्या.]

'कॉट बेसिसवर जागा मिळेल. फक्त मुलींसाठी.' 'रूम भाड्याने देणे आहे. शाकाहारींना प्राधान्य.' पेठांमधले हे खांब वाचत फिरलात तर कुणाला कोण नको आहे, याचा नकाशाच तयार होईल. राग येतो, येऊ दे. पण ज्याला नाकारलंय, त्यालाही तो कागद वाचता येतो. वाचून तो भांडू शकतो, फोटो काढून चारचौघांत दाखवू शकतो, पट्टी फाडून फोनही लावू शकतो.

फोनवरची जाहिरात ज्याला दाखवायची नाही त्याला दिसतच नाही. त्याच्यासाठी ती खोली बांधलेलीच नाही.

ही कल्पना नव्हे. अमेरिकेत २०१६ मध्ये पत्रकारांनी दाखवून दिलं, की फेसबुकवर घरांची जाहिरात देताना ठरावीक वंशाच्या लोकांना वगळता येत होतं. २०१९ मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्यानं कंपनीवर भेदभावाचा आरोप ठेवला. २०२२ मध्ये न्याय खात्याशी तडजोड झाली आणि घरांच्या जाहिराती कुणापर्यंत पोचवायच्या, हे ठरवणारी यंत्रणा कंपनीला बदलावी लागली. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की वगळलेल्यांपैकी कुणी तक्रार करायला जाणंच अवघड होतं. न दिसलेल्या गोष्टीची तक्रार कशी करणार?

[दृश्य: पुन्हा खोली. टेबलावर राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक.]

आपल्याकडचा कायदा या मुलांना पाठ आहे, परीक्षेला येतो. २४ ऑगस्ट २०१७: सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू होणार. संमती हवी, ती मागे घेता यायला हवी, दंड २५० कोटींपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई.

चांगलंच आहे. पण हा कायदा माहिती गोळा करण्याबद्दल आणि वापरण्याबद्दल बोलतो. समोर आलेला क्रम कसा लागला, याबद्दल फारसं नाही. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना निदान एक तरी फीड असं द्यावं लागतं, जे तुमच्या वागण्याच्या नोंदींवर बेतलेलं नसेल. पुण्यातल्या माणसाला तसा हक्क देणारा कायदा अजून नाही.

[दृश्य: यवतमाळकराचा फोन. सेटिंग्ज.]

जे हातात आहे ते त्यानं करून पाहिलं. सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या भागात 'ॲड्स' सापडलं, तिथून जाहिरातीचा ओळख क्रमांक पुसला. मग यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद केली आणि जुनी काढून टाकली. होम पेज उघडलं तर पांढरं फटक. मोटरसायकली गेल्या, कुस्ती गेली, भरतीची लाल अक्षरंही गेली. एक ओळ तेवढी उरली: हिस्टरी सुरू करा.

"आता काय बघू बे?"

"काय पाह्यजे ते टाईप कर की," लातूरकर पुस्तकातून मान वर न करता म्हणतो.

त्यानं 'सोयाबीन भाव यवतमाळ' टाकलं. पहिला व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा निघाला, दुसरा मागच्या आठवड्याचा. तो सुरू केला. खाली शिफारशींची रांग पुन्हा आलीच. ती बंद करायचं बटण त्यानं बराच वेळ शोधलं आणि नाद सोडला.