सहा आठवड्यांची वडी

[दृश्य : ओट्यावर वजनकाटा. त्यावर रिकामं स्टीलचं भांडं. आकडा शून्यावर येतो.]

घरी साबण करायला घेतला की ओट्यावर सगळ्यात आधी येतो तो हा वजनकाटा. एकेक ग्रॅम दाखवणारा. इथे वाटी-चमच्याचं माप चालत नाही, अंदाज तर अजिबात नाही.

आजची मापं अशी : ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅम, खोबरेल १५०, एरंडेल ५०. म्हणजे तेल झालं ५०० ग्रॅम. त्याला कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम आणि पाणी १४५ ग्रॅम.

[दृश्य : पांढरे दाणे कागदी कपात पडताना, अगदी जवळून.]

हे पांढरे दाणे पाहिले की समोरचा माणूस हमखास विचारतो, “अहो, पण तुमचा साबण नैसर्गिक ना? मग हे कशाला?” कॉस्टिक सोड्याशिवाय होणारा साबण आहे का, असाही प्रश्न येतो. वडीचा साबण तरी नाही. जो तयार तुकडा नुसता वितळवून साच्यात ओततात, त्यातही कुणीतरी हे काम आधीच करून ठेवलेलं असतं. तेल आणि अल्कली, म्हणजे इथे कॉस्टिक सोडा, एकत्र आले की तेलाचा रेणू फुटतो. त्यातली मेदाम्लं सोडियमशी जोडली जातात, तो साबण. आणि मोकळं होतं ते ग्लिसरीन. यालाच साबणीकरण म्हणतात. माप बरोबर असेल तर तयार वडीत कॉस्टिक सोडा उरतच नाही, सगळा खर्ची पडतो.

पूर्वी अल्कली लाकडाच्या राखेतून काढत. राख भिजवायची, पाणी गाळून घ्यायचं आणि त्या पाण्यात चरबी शिजवायची. पण राखेच्या पाण्याचा जोर दर खेपेला निराळा. १७९१ मध्ये निकोला लब्लां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मिठापासून धुण्याचा सोडा बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा राखेवाचून सोडा मिळण्याची वाट मोकळी झाली. आणि भांड्यात नेमकं काय घडतं, त्याची उकल मिशेल शेव्हरल या दुसऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केली. चरबीवरचं त्याचं संशोधन १८२३ साली ग्रंथरूपाने आलं. त्याआधी शतकानुशतकं माणसं साबण करत होती, ती नुसत्या हाताच्या आणि डोळ्यांच्या भरवशावर. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी असते. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, ऑलिव्हला ०.१३४, एरंडेलाला ०.१२८. या तिन्हींचा हिशेब ७४ ग्रॅमवर जातो. आपण मुद्दाम ७० घेतला. थोडं तेल साबण न होता तसंच राहावं, वडी त्वचेला सौम्य लागावी, म्हणून ही सुमारे पाच टक्क्यांची सूट.

सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा घरात खोबरेल कमी पडलं म्हणून तेवढंच ऑलिव्ह तेल घातलं आणि सोड्याचं माप मात्र बदललं नाही. दुसऱ्या दिवशी वडी पांढरीफटक, खडूसारखी ठिसूळ. सुरी लावली की तुकडे पडत होते. सोडा जास्त झाला होता. ती सगळी खेप टाकून द्यावी लागली. तेव्हापासून एक थेंब तेल बदललं तरी हिशेब पहिल्यापासून मांडते.

[दृश्य : चष्मा, हातमोजे. खिडकी उघडली जाते. दाणे हळूहळू पाण्यात.]

आता इथे नीट बघा. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. उलटं केलं तर एका जागी एवढी उष्णता होते की द्रावण उसळून अंगावर येऊ शकतं. सरळ केलं तरी गार पाणी बघता बघता ऐंशी अंशांच्या वर जातं. भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियम तर मुळीच नको. सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. थेंब कातडीवर पडलाच तर व्हिनेगर शोधत बसू नका, नळाखाली भरपूर पाण्याने धूत राहा. आणि लहान मुलं घरात असतील तर हे काम ती झोपल्यावरच करायचं. मी अजूनही तसंच करते.

[दृश्य : द्रावण तेलात. ब्लेंडर फिरतो. पिवळं तेल दुधट होत जातं.]

द्रावण आणि तेल दोन्ही कोमट झाली की एकत्र. ब्लेंडर थोडा वेळ चालवायचा, थांबायचं, हाताने ढवळायचं. ब्लेंडर उचलून पाहा : खाली पडणारी धार बुडून जात नाही, वर रेघ होऊन क्षणभर टिकते. साबण करणारे याला ट्रेस म्हणतात. सुगंधी तेल घालायचं ते आत्ता, एकूण तेलाच्या तीन टक्क्यांच्या आत. मग साचा, वर झाकण, आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही.

या वडीत ग्लिसरीन जागच्या जागी राहतं. मोठ्या कारखान्यांत बऱ्याचदा मीठ घालून ते वेगळं काढतात. घरच्या साबणाचा मोठा लाभ कोणता विचाराल तर मी हा सांगेन.

[दृश्य : छोट्या डबीत घट्ट होणारा बाम.]

साबण जमला की मन बाम, क्रीम, लोशनकडे धावतं. बाम सोपा : एक भाग मेण, चार भाग तेल, गरम पाण्यावर धरलेल्या भांड्यात वितळवायचं, गार चमच्यावर थेंब टाकून घट्टपणा बघायचा. त्यात पाणी नाही, म्हणून तो टिकतो. क्रीममध्ये पाणी आलं की जंतू आणि बुरशी आलीच, आणि सुरुवातीला ती डोळ्यांना दिसतही नाही. तिथे परिरक्षक, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, घालायलाच हवा. सुगंधी तेल किंवा ई जीवनसत्त्व ते काम करत नाही. नैसर्गिक या शब्दाच्या मोहात परिरक्षक गाळलेली क्रीम कुणाच्या चेहऱ्यासाठी देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. लिंबाचा रसही थेट कातडीवर नको. उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डाग पडतात.

[दृश्य : वडी कापताना. सहा तुकडे लाकडी फळीवर, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. खाली कागदावर तारीख.]

साबणीकरण पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतेक उरकतं. तरीही चार ते सहा आठवडे थांबायचं, कारण अजून पाणी उडायचं असतं. आज वापरलीत तर वडी चार दिवसांत विरघळून जाईल. वाळली की कठीण होते, पुरते, त्वचेलाही सौम्य लागते. वारा खेळता हवा आणि आठवड्यातून एकदा वड्या उलटायच्या, एवढंच काम.

[दृश्य : तीच फळी, सहा आठवड्यांनंतर. वडी वजनकाट्यावर.]

कापली त्या दिवशी ११८ ग्रॅम होती. आज १०४.

[दृश्य : नळ. ओले हात. निवेदन थांबतं, वडी तळव्यावर फिरते, बारीक, दाट फेस बोटांच्या मधून वर येतो.]