निळ्या काठातला जोड

ही ताटली साधारण 1815 सालची. इंग्लंडमधल्या स्टोक इथे, स्पोडच्या कारखान्यात भाजलेली. पण मधलं चित्र बघा: अस्वलाला घेरलेले शिकारी, आणि देश हिंदुस्थान!

बंगालच्या फौजेत वीसेक वर्षं काढलेल्या कॅप्टन थॉमस विल्यमसनचं शिकारीवरचं पुस्तक 1807 साली लंडनमध्ये निघालं. त्यातली चित्रं सॅम्युअल हॉविटची. त्यानं स्वतः हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. स्पोडनं ती चित्रं सरळ उचलली. तेव्हा चालायचं ते. 1842च्या कायद्यानं अशा नकलांना चाप लावला.

आता छपाई. चित्र आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं. पत्रा तापवून कोबाल्टचा तेलकट रंग रेघांमध्ये भरायचा, वरचा पुसून घ्यायचा आणि साबणाचं पाणी दिलेल्या पातळ कागदावर दाबून ठसा काढायचा. हा ओला कागद फार वेळ थांबत नाही. एक मुलगी कात्रीनं चित्र आणि काठ वेगळे करायची. दुसरी बाई ते तुकडे एकदा भाजलेल्या, अजून झिलई (वरचा काचेसारखा थर) न दिलेल्या ताटलीवर बसवायची आणि ताठ ब्रशनं घासघासून रंग मातीत उतरवायची. मग कागद पाण्यानं धुऊन काढायचा. तेल जाळायला एक भट्टी, झिलईला आणखी एक. निळा रंग झिलईखाली राहतो, म्हणून दोनशे वर्षांच्या धुण्यापुसण्यानंही तो गेलेला नाही.

जुनी ताटली हातात आली की आधी नखानं टिचकी मारा. आवाज बद्द आला, तर कुठेतरी तडा आहे. मग ती पालथी करा. भट्टीतल्या टेकूचे बारीक व्रण दिसतील. 'इंग्लंड' असं छापलेलं असेल, तर ती बहुधा 1891 नंतरची. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे देशाचं नाव घालणं तेव्हापासून भाग पडलं.

माझी नजर मात्र पहिल्यांदा काठावर जाते. हा बघा, इथे. वेल चालत आली आणि मध्येच तुटली. कागदाची पट्टी गव्हाभर कमी पडली, म्हणून वरून एक पान डकवलंय. तेही उलटं. काही संग्राहक अशा जोडामुळे ताटली बाजूला ठेवतात. मला ती याच जोडासाठी हवी असते. तांब्यावर कोरणाऱ्याचं काम कारखान्यातल्या सगळ्या ताटल्यांवर सारखंच उतरतं. हे उलटं पान फक्त याच ताटलीवर आहे, आणि ते लावणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच शिक्क्यात नाही.