आत्याची तिथी, डॉक्टरांची तारीख

मागे ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा. (हशा) हो, ज्याला ऐकूच येत नाही तो हात कशाला वर करेल! असो. कानांकडे मी शेवटी येणारच आहे.

विषय दिलाय ‘स्मृतिभ्रंश: रक्तातला की परिस्थितीतला?’ पण आधी आत्या. तिला आम्ही एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरानं फॉर्म काढला. ‘आजी, आज तारीख काय?’ आत्या म्हणाली, ‘आषाढ वद्य नवमी.’ शून्य. मग दोन पंचकोन, एकमेकांत अडकलेले, बघून काढा. आत्यानं जन्मात पेन्सिल धरलेली नाही. दारात चिमटीनं एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढायची, पण ती फॉर्मात कुठे बसते? मग ‘एक वाक्य लिहा’. तीसपैकी अकरा गुण. परतताना एसटीतून उतरताना मला म्हणते, ‘सात रुपये घे की, तिकिटामागं लिहून दिलेत.’ मी विसरलो होतो. माझे गुण कोण मोजणार?

स्मृतिभ्रंश ओळखायची ही चाचणी १९७५ची, अमेरिकेतली. तिथं शाळा सगळ्यांनी पाहिलेली. आपल्याकडे हरियाणात बल्लभगढला नव्वदच्या दशकात संशोधकांनी ती निरक्षरांसाठी नव्यानं बेतली. ‘डोळे मिटा’ हे वाचून करायचं होतं, त्याऐवजी ‘माझ्याकडे बघा, मी करतो तसं करा’. एवढं साधं! तरी आमच्या गावापर्यंत यायला... बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

तर भरभर. शाळा न शिकलेल्यांना चाचणी फसवते हे खरं, पण त्यांना धोकाही खरोखर जास्त, हेही खरं. २०२३ला प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंश झालेले निघाले. बायका, खेडी, कमी शिकलेले यांच्यात प्रमाण अधिक. आता रक्त. एपीओई नावाच्या जनुकाचा ‘चार’ हा प्रकार आईकडून किंवा वडिलांकडून आला, तर अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराचा, धोका दोन-तीन पट. दोघांकडून आला तर आठ पट, त्याहूनही जास्त. तरी आजार होतोच असं नाही, आणि चार नसला म्हणून सुटका नाही. जनुक बदलता येत नाही. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ला चौदा कारणं मोजली: कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूर, एकटेपणा वगैरे. ती सगळी टळली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील. यातली बरीचशी गरिबाच्याच वाट्याला जास्त येतात, आणि आत्याला शाळेत न घालणारे आजोबा जनुक नव्हते.

हैदराबादेत २०१३ला दिसलं, दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार साडेचार वर्षं उशिरा गाठतो; शाळा न पाहिलेल्यांतसुद्धा फरक दिसला. सोलापूरकरांनो, एका बोळात मराठी, कानडी, तेलुगू! ते चालू ठेवा.

आणि कान. त्या चौदांत ऐकू कमी येणंही आहे, वरच्या नंबरात. पहिल्या रांगेतले काका, तुमचं यंत्र कुठाय? ...डबीत? घरी? बरं.