सोमवारी पोचायचंच आहे

नमस्कार श्रोतेहो.

रविवार, सकाळचे साडेसहा. आमची 36 फुटी शिडाची बोट एका बेटाच्या दक्षिण अंगाला, आडोशाच्या खाडीत नांगर टाकून उभी आहे. बेटाची टेकडी वारा अडवते, म्हणून आत पाणी शांत. खाडीच्या तोंडाबाहेर मात्र नजर जाईल तिथवर पांढरं. मी रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकतेय. वारा उत्तरेचा, 20 ते 25 नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल. आमचं घरचं बंदरही उत्तरेलाच. आणि मागून माझा मित्र दात घासता घासता विचारतो, "निघायचं ना गं? उद्या अकराला मीटिंग आहे माझी."

हे वाक्य मी आजवर किती तोंडून ऐकलंय! कधी मीटिंग असते, कधी विमान, कधी कुणाच्या मुलाची परीक्षा. बोट बुडवणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसलं की लोक खडक, धुकं, वादळ असं सांगत जातात. मला विचाराल तर मी पहिल्या नंबरावर कॅलेंडर लिहीन.

आम्ही चौघं होतो. एक डॉक्टर, एक शाळेत शिकवणारी मैत्रीण, हा मीटिंगवाला, ज्याचा व्यवसाय हिशेब तपासण्याचा, म्हणून तो आमचा हिशेबनीस, आणि मी. बोट चालवायचा परवाना एकटीकडे, त्यामुळे तांडेल मी. गुरुवारी निघायचं, तीन बेटं करायची, रविवारी परत, असा बेत.

आता मित्रांना खलाशी म्हणून घेण्यात एक अडचण असते. तीस वर्षांची ओळख असते. कॉलेजात मी कुठल्या विषयात नापास झाले होते ते तिघांनाही पाठ आहे. अशा माणसांना "दोर सोड!" म्हणून ओरडायचं, तेही पुढे "प्लीज" न लावता, म्हणजे जिभेला जड जातं. पण जमिनीवर जसं "तुला काय वाटतं, तुला काय वाटतं" करत हॉटेल निवडतात, तसं शीड फिरवता येत नाही. 2017-18 मध्ये भारतीय नौदलाच्या सहा अधिकारी महिला 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. सहाही जणी तयारीच्या, पण कप्तान एकच, वर्तिका जोशी. मी हे उदाहरण पहिल्याच दिवशी दिलं. त्यावर डॉक्टर म्हणाला, "म्हणजे तू नौदल, आणि आम्ही कोण?" असो.

पहिल्या दिवशी बंदर सोडायच्या आधी एक तास मी सगळ्यांना नुसतं बोलून आणि हात लावून दाखवत होते. मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा, बूम, वारा मागून असताना शीड चुकून पलटलं तर केवढ्या जोरात फिरतो, म्हणून "डोकी खाली" ऐकलं की आधी वाकायचं आणि मग विचारायचं. विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या चरकावर, दोर गुंडाळताना बोटं कुठे ठेवायची नाहीत. संडासाचा पंप कसा मारायचा, आणि जे आधी पोटात गेलेलं नाही ते त्यात टाकायचं नाही. या शेवटच्या सूचनेला लोक हसतात, पण तिसऱ्या दिवशी तुंबलेला पंप खोलायला बसलेल्याला कधी हसताना पाहिलेलं नाही.

मग माणूस पाण्यात पडला तर काय, याचा सराव. बादली पाण्यात टाकायची आणि ती परत आणायची. ऐकायला खेळ वाटतो. बोट 6 नॉटनं चालली असेल तर सेकंदाला 3 मीटर पुढे जाते. "अरे, तो पडला!" म्हणून एकमेकांकडे बघण्यात 20 सेकंद गेले की मधे 60 मीटर पाणी. लाटांमध्ये एवढ्या अंतरावर माणसाचं डोकं चेंडूएवढं दिसतं, म्हणजे दिसतच नाही. म्हणून एका माणसाला एकच काम: नजर न हलवता बोट दाखवत राहायचं. हाताचं बोट, श्रोतेहो! हे काम मी शिक्षिकेला दिलं. बाकीचे दोर ओढताहेत, शिव्या घालताहेत, आणि ही मागच्या बाकावरच्या मुलावर रोखावं तसं बोट रोखून उभी. बादली तिसऱ्या खेपेला मिळाली.

डॉक्टरला दुपारी बोट लागली. स्वतः गोळ्या लिहून देणारा माणूस, पण गोळी निघायच्या आधी घ्यायची असते हे विसरला. त्याला मी सुकाणूवर उभं केलं आणि क्षितिजाकडे बघ म्हटलं. डोळ्यांना जे दिसतं आणि कानाच्या आतल्या तोलाला जे जाणवतं ते जुळलं की मळमळ ओसरते. खाली केबिनमध्ये जाऊन आडवं व्हावंसं वाटतं खरं, पण तिथे डोळ्यांना भिंत स्थिर दिसते आणि शरीर हलत असतं, त्यामुळे भर पडते. अर्ध्या तासात तो गाणं म्हणू लागला. ते थांबवण्याचा उपाय मला माहीत नाही.

बेटांमधून शीड घेऊन जाण्याची गंमत अशी की वारा एकसारखा कधीच मिळत नाही. उंच बेटाच्या आड गेलात की शीड लोंबतं, आणि तुम्ही ढिलाईनं बसता न बसता तोच टेकडीवरून एक झोत खाली येतो आणि बोट कलंडते. दोन बेटांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून वारा दाबून निघतो, तिथे बाहेरच्यापेक्षा वेग जास्त. आणि वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणून फट यायच्या आधीच शीड आखूड करून घ्यायचं. फटीत शिरल्यावर ते काम चौघांनाही पुरत नाही. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं 1805 मध्ये वाऱ्याचं माप बसवलं, त्यात सुरुवातीला वेगाचा आकडा नव्हताच. जहाजावर शिडं किती आणि कशी राहतात यावरून वारा मोजायचा. मला ते माप अजून आवडतं. आमच्यासारख्यांना तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

शुक्रवारचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्यात चूक माझी होती.

सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. पण पाणी इतकं स्वच्छ होतं की आधी पोहणं झालं, मग फोटो, मग परत पोहणं. मी तांडेल म्हणून आवाज चढवायला हवा होता, त्या दिवशी मैत्रीण झाले. निघालो एक वाजता. दुसऱ्या बेटाच्या खाडीशी पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला, बरोबर डोळ्यांत. अनोळखी खाडीत सूर्य वर आणि पाठीमागे असताना शिरावं. तेव्हा पाण्याचे रंग दिसतात: निळं खोल, हिरवट उथळ, तपकिरी म्हणजे खाली खडक. समोरून ऊन आलं की सगळं पाणी एका रंगाचं, चांदीचं. शिक्षिका नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, डोळ्यांवर हात धरून उभी आणि मी खोली मोजणाऱ्या यंत्राचे आकडे बघत चालणाऱ्या माणसापेक्षा हळू आत.

साडेसहाला नांगर टाकला. यंत्र म्हणालं, 4 मीटर. मी मनात चार चोक सोळा केलं आणि 16 मीटर साखळी सोडली. काळोख पडत होता, सगळे दमले होते, खाली दिवा लागला होता.

आदल्याच दिवशी पौर्णिमा झालेली. उधाणाचे दिवस. त्या भागात तेव्हा भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरचा, आणि साडेसहा ही नेमकी ओहोटीची वेळ. म्हणजे मध्यरात्री खोली होणार 8 मीटर, वर नाळेची पाण्यापासूनची उंची 1 मीटर. नऊ मीटरला सोळा मीटर साखळी! नांगर रुततो कधी, तर साखळी तळाशी आडवी पडून त्याला आडवं ओढते तेव्हा. साखळी अपुरी असली की ओढ वरच्या बाजूला लागते आणि नांगर उपटला जातो. खोलीच्या निदान चौपट-पाचपट साखळी हवी, आणि खोली धरायची ती भरतीची. चाळीस-पंचेचाळीस मीटर सोडायला हवी होती. तेवढी पेटीत होती.

भरतीचं पाणी सारख्या वेगानं चढत नाही. खलाशी बारा भागांचा हिशेब धरतात: पहिल्या तासात एक भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. 4 मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम 33 सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी अख्खा मीटर. साडेसहाला टाकलेला नांगर साडेदहाला सुटला, तो काही योगायोग नव्हता. आम्हाला पत्ताही नव्हता. मागे उभ्या असलेल्या बोटीवरच्या कुणीतरी टॉर्च मारला आणि हाका मारल्या, तेव्हा मी वर आले. त्यांची बोट हाताच्या अंतरावर. वारा बेटाकडून समुद्राकडे होता, म्हणून आम्ही मोकळ्या पाण्याकडे सरकत होतो. उलटा असता तर खडकांवर. इंजिन चालू केलं, नांगर उचलला, परत टाकला, साखळी मोजून सोडली. मग किनाऱ्यावरचा एक दिवा आणि त्याच्या मागचं टेकडीचं टोक एका रेषेत धरून मी दोन वाजेपर्यंत बसून राहिले. ती रेष मोडली नाही. हिशेबनीस सोबतीला बसला होता. त्यानं एकदाच विचारलं, "म्हणजे पाच तास उशिरा निघाल्याचे हे पैसे?" मी हो म्हटलं.

आता परत रविवार.

घर 24 सागरी मैल. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही, साधारण 45 अंशांचा कोन धरून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, असं नागमोडी जावं लागतं. म्हणजे 24 चे झाले 34 मैल. मी नकाशा, भरतीचं कोष्टक आणि पेन्सिल हिशेबनिसाच्या हातात दिली. म्हटलं, तूच काढ. त्यानं मांडलं: बोट 5 नॉट, नागमोडी चालून वाऱ्याच्या दिशेनं पदरात पडतात साडेतीन. आठ ते दोन भरती, तेव्हा बेटांमधल्या खाडीतला प्रवाह उत्तरेकडे 2 नॉट, म्हणजे आपल्या बाजूनं. साडेतीन अधिक दोन, साडेपाच. 24 भागिले साडेपाच. "साडेचार तास," तो म्हणाला. "आठला निघालो तर जेवायला घरी!"

हिशेब चोख होता. लाट त्यात धरलेली नव्हती.

वारा उत्तरेकडून येतोय आणि पाणी उत्तरेकडे चाललंय, ही दोघांची टक्कर. अशा वेळी लाटा आखूड होतात, उभ्या होतात, एकीच्या पाठीला लागून दुसरी. बोट एकीवर चढून धाडकन दुसरीच्या पोटात आपटते, आणि 5 नॉट कागदावर राहतात. दोननंतर प्रवाह फिरला की पाणी जरा सपाट होतं, पण मग तोच प्रवाह विरुद्ध: साडेतीन वजा दोन, दीड. जे पाणी बरं, ते मागे ढकलतं, आणि जे पुढे नेतं, ते झोडपतं. हे मी त्याला नुसतं सांगितलं असतं तर तो वाद घालत बसला असता, तसा स्वभावच आहे त्याचा. म्हणून आम्ही छोट्या होडक्यातून किनाऱ्यावर गेलो आणि टेकडी चढलो. वरून दोन बेटांमधला सगळा पट्टा दिसतो. तो दहा मिनिटं बघत उभा राहिला. खाली उतरताना त्यानं विचारलं, "फेरीबोट किती वाजता?"

मीही शंभर टक्के साधी नाही. सोमवारी मलाही काम होतं, आणि टेकडीवर उभी असताना "शीड दोन घड्या आखूड केलं तर..." हा विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला. मदत झाली ती फेरीबोटीची. ते बेट मी निवडलं होतं त्याचं मुख्य कारण तेच, तिथून रोज बोट सुटते. मित्रांना घेऊन जायचं तर मार्ग आखताना मी आता हेच आधी बघते: शेवटच्या दोन मुक्कामांवरून प्रत्येकाला आमच्या बोटीशिवाय घरी जाता येईल का? येत असेल तर ज्याला मीटिंग आहे तो मीटिंगला जातो, आणि बोट वाऱ्यासाठी थांबते. हे मी निघायच्या आधी, गुरुवारी, बंदरातच सांगून टाकलेलं होतं. रविवारी सांगितलं असतं तर ते भांडण झालं असतं.

दुपारी चारच्या फेरीनं तो गेला. ती मोठी इंजिनाची बोट, तरी पलीकडे पोचल्यावर त्याचा फोन आला तेव्हा आवाज बारीक होता. डॉक्टरनं दोन दिवसांची रजा वाढवली, शिक्षिकेची सुट्टी होतीच. सोमवारी आम्ही फाटलेल्या शिडाला टाके घातले, उरलेला वेळ झोपलो.

मंगळवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. हिशेबनीस. म्हणाला, "गच्चीवर उभा आहे. समोरच्या इमारतीवरचा झेंडा पूर्वेकडे फडकतोय, वारा पश्चिमेला गेलाय. तुमच्याकडे?"

"इकडेही," मी म्हटलं. "नांगर काढतोय."

"आत्ता कशाला काढता? प्रवाह साडेनऊला फिरतो, मी कोष्टक बघितलंय. तोवर चहा घ्या."

आम्ही चहा घेतला.