फ्री म्हणतंय रॅम मोकळी आहे, मग सर्व्हर स्वॅपमध्ये का जातोय?

नमस्कार मंडळी. आजचा विषय दोन प्रोसेसरच्या लिनक्स सर्व्हरचा. लक्षण असं: डेटाबेस मध्येच अडखळतो, स्वॅप (रॅम पुरेना झाली की मेमरी डिस्कवर ठेवायची जागा) वाढत जातो, आणि 'फ्री' कमांड मारली तर कित्येक जीबी मोकळी दिसते. मग कुणी रॅम वाढवायला सांगतं, कुणी स्वॅपिनेस, म्हणजे स्वॅपकडे किती कल ठेवायचा ते सेटिंग, शून्य करायला. थांबा, आधी ही एक कमांड चालवा.

[स्क्रीनवर: नूमासीटीएल --हार्डवेअर]

'फ्री' सगळ्या मशीनची बेरीज दाखवतं आणि नेमकी तिथेच फसगत होते. आजच्या सर्व्हरमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. एएमडीच्या ऑप्टेरॉनमध्ये तो 2003 साली आला, इंटेलने नेहालेमपासून तोच रस्ता धरला. त्यामुळे प्रत्येक सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेची, आपली वेगळी रॅम असते. या रचनेला नूमा म्हणतात आणि प्रत्येक भागाला नोड. दुसऱ्या नोडची रॅमही वापरता येते, पण मधला दुवा ओलांडून जावं लागतं, म्हणजे जास्त वेळ लागतो. आउटपुटमध्ये शेवटी अंतराचा तक्ता आहे, तो बघा: स्वतःच्या नोडसाठी 10, पलीकडच्यासाठी बऱ्याच मशीनवर 20 किंवा 21. हे नॅनोसेकंद नव्हेत. फर्मवेअरने सांगितलेलं ते तुलनात्मक प्रमाण आहे.

आता प्रत्येक नोडसमोरचा मोकळ्या मेमरीचा आकडा बघा. नोड 0 वर दीडदोनशे एमबी आणि नोड 1 वर दहा जीबी असं दिसलं, तर तुमचा चोर सापडला.

हे होतं कसं, ते नीट समजून घेऊया, कारण खरी गंमत इथेच आहे. प्रोग्रॅमने मेमरी मागितली म्हणून लिनक्स लगेच खरं पान, म्हणजे रॅमचा छोटा ठरावीक तुकडा, देत नाही. त्या पानाला पहिला हात लागतो तेव्हा देतं, आणि हात लावणारा थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा) ज्या नोडवर चालू असेल शक्यतो तिथलंच देतं. आता मायएसक्यूएल हा डेटाबेस घ्या. त्याचा भलामोठा बफर पूल, म्हणजे डेटा रॅममध्ये ठेवायची जागा, सुरुवातीला एकाच थ्रेडने भरला, तर आधी एक नोड काठोकाठ भरतो आणि उरलेलं दुसऱ्यावर सांडतं. नंतर काही पानं त्या भरलेल्या नोडवरच हवी असली, की पलीकडे जागा असूनही कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, इथली जुनी पानं स्वॅपमध्ये ढकलतो. जेरेमी कोल यांनी 2010 साली हे सविस्तर उलगडून दाखवलं आणि उपायही सांगितला: डेटाबेस 'नूमासीटीएल --इंटरलीव्ह=ऑल' लावून सुरू करा. मग पानं आळीपाळीने दोन्ही नोडवर पडतात. पुढे मायएसक्यूएलमध्येच 'इनोडीबी_नूमा_इंटरलीव्ह' हा पर्याय आला.

एका मोठ्या प्रोसेससाठी मी इंटरलीव्हच सुचवेन. दोन छोटे डेटाबेस असतील तर एकेकाला एकेक नोड बांधून द्या. मात्र नूमासीटीएलचा 'मेमबाइंड' हा पर्याय जपून वापरा. तो कडक आहे: नोड संपला की शेजारची मोकळी रॅम तो घेत नाही, प्रोसेस मारलीही जाऊ शकते. 'प्रिफर्ड' हा पर्याय मवाळ आहे, जागा नसेल तर पलीकडून घेतो.

[स्क्रीनवर: नूमास्टॅट -पी, पुढे प्रोसेसचा नंबर]

कुठल्या प्रोसेसची किती मेमरी कुठल्या नोडवर आहे, ते इथे कळतं. नुसत्या 'नूमास्टॅट'मधला 'नूमा_हिट'चा मोठा आकडा बघून निश्चिंत होऊ नका. तो पान मिळालं त्या क्षणाची नोंद आहे. थ्रेड नंतर दुसऱ्या सॉकेटवर गेला, तर तेच पान आता दूरचं झालं, आणि हिट आहे तेवढाच राहतो. शिवाय हे आकडे मशीन बूट झाल्यापासूनचे असतात. थोड्या अंतराने दोनदा घ्या आणि फरक बघा.

जुना कर्नल असेल तर 'व्हीएम.झोन_रिक्लेम_मोड' हे सेटिंग तपासा. तो 1 असेल तर कर्नल शेजारच्या नोडकडे जाण्याआधी स्वतःच्याच नोडमधली फाइल कॅश (डिस्कवरून वाचून रॅममध्ये ठेवलेल्या फाइल) रिकामी करतो. मग रॅम मोकळी पडून राहते आणि डिस्क मात्र सतत वाचली जाते. 2014 च्या 3.16 कर्नलपासून हे मुळातच बंद असतं. डेटाबेस किंवा फाइल सर्व्हरवर ते शून्यच ठेवा.

आणि कधीकधी दोष सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. नोड 1 चा आकार शून्य एमबी दिसला, तर बहुधा सगळ्या रॅमच्या पट्ट्या एकाच प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये बसवल्यात. दुसऱ्या प्रोसेसरचं प्रत्येक वाचन मग पलीकडून होतं. 'डीएमआयडीकोड -टी मेमरी' रूट म्हणून चालवा, कुठला स्लॉट भरलाय, कुठला रिकामा, आणि पट्टी किती वेगाने चालतेय, सगळं दिसतं. तिथे कुठलंही सेटिंग बदलण्याआधी मशीन बंद करून, मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने पट्ट्या दोन्ही बाजूंना वाटून लावा.