नळी म्हातारी होते तेव्हा

(दृश्य : वरूड तालुक्यातली संत्र्याची बाग. हातात ठिबकची लॅटरल, म्हणजे झाडांना पाणी नेणारी बारीक नळी.)

हा ड्रिपर जवळून बघा. तोंडाशी पांढरा थर धरलाय, तो क्षाराचा. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. ज्या पाण्यानं झाडं जगतात, त्याच पाण्यानं हे तोंड बुजतं. म्हणून बाबा मधून मधून लॅटरलमध्ये ॲसिड सोडतात. “एवढं धुवाच लागते, नाही तं मे महिन्यात झाडं माना टाकते,” ते म्हणतात.

मला हा पांढरा थर दिसला की तालुक्याच्या कॉलेजातली एक नळी आठवते.

(दृश्य : भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. लाकडी टेबल, जुना गायगर काउंटर.)

बीएस्सीला गायगर-म्युलर नळीचा, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या नळीचा प्रयोग होता. धातूची बंद नळी, मधोमध एक बारीक तार, आत वायू आणि थोडी अल्कोहोलची वाफ. किरण आत शिरला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात, तारेकडं धावतात, धावता धावता आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात. असा लोंढा तारेवर आदळला की काउंटरचा आकडा एकानं पुढं सरकतो. व्होल्टेज वाढवत जायचं आणि आलेख काढायचा. मधल्या एका टप्प्यात व्होल्टेज वाढवलं तरी मोजणी जवळपास तेवढीच राहते. ते आलेखाचं पठार.

माझ्या आलेखात पठार आलंच नाही. रेघ चढतच गेली. तीनदा रीडिंग घेतलं, तिन्ही वेळा तेच. आपलंच काही चुकतंय म्हणून मी रडकुंडीला आलो होतो. सरांनी आलेख पाहिला, नळीवरून बोट फिरवलं. “तुहं काही चुकलं नाही रे बापा. नळी म्हातारी झाली.”

कशानं? मोजून मोजून. प्रत्येक मोजणीनंतर आतला लोंढा विझवायचं काम अल्कोहोलच्या रेणूंचं, आणि ते करताना ते स्वतः तुटतात. अशा नळीचं आयुष्य साधारण १०० कोटी मोजण्यांचं. क्लोरीन किंवा ब्रोमीन भरलेल्या नळीत तुटलेले रेणू पुन्हा जुळतात, म्हणून ती जास्त टिकते. आमची अल्कोहोलची होती. आमच्याआधीच्या पोरांनी मोजलेला एकेक आकडा तिच्या आयुष्यातून वजा झाला होता.

(दृश्य : जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा नकाशा.)

आता हीच गोष्ट फार मोठ्या मापात. १९६८ साली जॉर्ज शार्पाक यांनी सर्नमध्ये वायू भरलेल्या एकाच कक्षात, म्हणजे बंद डब्यात, अनेक तारा ताणून कण टिपायची युक्ती काढली. १९९२ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. या तारा केसाहून बारीक. वायूत हायड्रोकार्बन असेल तर इलेक्ट्रॉनच्या लोंढ्यात त्याचे रेणू फुटतात, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि तारेवर प्लॅस्टिकसारखी साय धरते. कुठं सिलिकॉनचं ग्रीस किंवा सीलंट वापरलं असेल, तर त्याचा नुसता अंश वायूत उतरला तरी पुरे, तारेवर सिलिकॉनचे थर बसतात. तार जाडावते, सिग्नल मंदावतो. काही कक्षांच्या वायूत कार्बन टेट्राफ्लोराइड मिसळतात, तो हे थर खरवडून काढतो. बाबांच्या ॲसिडसारखाच. आणि ॲसिडसारखाच तो जपून वापरावा लागतो, नाही तर बाकीचे भागही खातो.

हे कक्ष एकदा कण टिपणाऱ्या मोठ्या यंत्राच्या पोटात बसले की वर्षानुवर्षं हात लागत नाही. म्हणून बसवण्याआधीच त्यांचं म्हातारपण पाहून घ्यायचं. सर्नच्या फ्रान्सकडच्या आवारात २०१५ पासून जीआयएफ++ नावाचं केंद्र चालतं. तिथल्या किरणोत्सर्गी सीझियम-१३७ च्या स्रोतात सुरुवातीला दर सेकंदाला अणूंची सुमारे १४ लाख कोटी विघटनं होत होती. कक्ष महिनोन्‌महिने त्या किरणांसमोर ठेवायचे आणि तारेच्या दर सेंटिमीटरमागे किती विद्युतभार जमला त्याचा हिशेब ठेवायचा. मधून मधून म्यूऑन नावाच्या कणांचा झोत सोडून बघायचं, अजून नीट दिसतंय का?

या कामातली खरी गोम घाईत आहे. दहा वर्षांचा किरणांचा मारा एका वर्षात दिला म्हणजे दहा वर्षांचं म्हातारपण आलं, असं होत नाही. कार्बाइड लावून पिवळा केलेला आंबा अढीतल्या आंब्यासारखा लागत नाही, तसंच. जोरात मारा केल्यावर धडधाकट दिसलेला कक्ष मंद माऱ्याखाली लवकर थकल्याचे अनुभव आहेत. म्हणून चाचणी जितकी सावकाश, तितकी विश्वासाची. वर्षं मोजून देणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आरपीसी नावाच्या कक्षांत तारा नसतात, समोरासमोर दोन सपाट पाट्या आणि मध्ये वायू. सर्नच्या सीएमएस नावाच्या कण टिपणाऱ्या प्रयोगासाठी यातले काही कक्ष मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात जोडले गेले. त्यातला मुख्य वायू आर-१३४ए, गाड्यांच्या एसीत असतो तोच. तो फुटला की फ्लोरीनची आम्लं तयार होतात आणि आतला पृष्ठभाग कुरतडतात. शिवाय हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट. म्हणून पर्यायी वायू शोधताहेत. पण वायू बदलला की म्हातारपणाची चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

(दृश्य : तीच प्रयोगशाळा. खिडकीतून दुपारचं ऊन.)

सरांनी ती नळी फेकली नाही. प्रत्येक बॅचला आधी नव्या नळीचा आलेख काढायला लावतात, मग जुनीचा. आज टेबलाशी एक मुलगी बसलीय. पहिल्या आलेखात तिला लांब पठार मिळालं. दुसऱ्यात रेघ चढतच गेली. ती खोडरबर शोधायला लागली, तसे सर म्हणाले, “खोडू नको. खाली तारीख टाक.”