माघारीचं शास्त्र

मंडळी, पत्रिकेवर विषय वाचून एकानं मला दारातच विचारलं, "सर, कोल्हापुरात येऊन माघारीवर बोलणार?" म्हटलं, इथंच बोलायला हवं. पन्हाळा इथून वीस किलोमीटरवर, आणि क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकर इथलेच. मैदान केव्हा नि कसं सोडावं, हे शिकायला दुसरं गाव कशाला हवं?

आधी भाषेकडे बघा. 'माघार', 'काढता पाय', 'पोबारा', 'पळपुटेपणा'. जाणं एकच, पण चारही शब्दांची लाज वेगवेगळी. माझं म्हणणं एवढंच, की आपण चौघांना एकाच मापानं मोजतो.

पण आधी निंबाळकर. तो विषय निघाला की मला राहवत नाही.

डिसेंबर 1948, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव 238 वर आटोपला. मग भाऊसाहेब आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी 455 धावा जोडल्या. चारशे पंचावन्न! बिचाऱ्या गोलंदाजांच्या चेहऱ्यांचा एखादा फोटो मिळाला असता तर घरी लावला असता. महाराष्ट्र 4 बाद 826, भाऊसाहेब नाबाद 443. समोर ब्रॅडमनचा 1930 सालचा नाबाद 452 चा विक्रम, म्हणजे बरोबरीला नऊ धावा कमी. दोन षटकांचं काम! आणि तेवढ्यात पाहुण्यांचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आपल्या संघाचं नाव त्या विक्रमाला कायमचं चिकटेल, ही भीती. विनवण्या झाल्या. ऐकतो कोण? सामना सोडून संघ परत गेला. नऊ धावा पुण्यातच राहिल्या.

ही गोष्ट ऐकली की मला आमच्या गल्लीतला बॅटमालक आठवतो. आउट झाला की बॅट काखेत मारून, "आई बोलावतेय" म्हणत घरी. आई काही बोलावत नसे, ती गावाला गेलेली असे. (हशा) आणि गंमत बघा, नावाला चिकटू नये म्हणून ते निघून गेले, आणि आज काठियावाडच्या त्या संघाबद्दल लोकांना एवढीच एक गोष्ट ठाऊक आहे. धावा दिल्या असत्या, तर विसरलो असतो. भाऊसाहेबांना कसोटी मात्र एकही मिळाली नाही. त्यावर बोलू लागलो तर रात्रीचं जेवण इथंच मागवावं लागेल.

चिठ्ठी आली. "दहा मिनिटं." बरं.

तर चांदोबा, मुलांचं मासिक. मराठीत 1952 पासून निघायचं. आमच्या वाचनालयात बांधीव खंड होते, आणि विक्रम-वेताळाचं चित्र दर वेळी कुणीतरी ब्लेडनं कापून नेई. नंगी तलवार घेतलेला राजा, खांद्यावर लोंबणारं प्रेत. चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. पान उलटलं की मधे चौकोनी खिडकी, तिच्यातून पुढच्या गोष्टीतल्या राणीचं अर्धं नाक दिसायचं. ग्रंथपालांचा संशय माझ्यावर. आता साठ वर्षं होत आली, कबूल करतो: तीन मी कापली. बाकीची माझी नाहीत.

त्या चित्रात मला काय दिसायचं? वेताळाची माघार! राजा बोलला की हा झाडावर. पळपुटा नव्हे हं. तो नियमानं जातो, प्रत्येक वेळी राजाला एक गोष्ट देऊन जातो, आणि राजा पुन्हा येणार हे त्याला ठाऊक असतं.

आता मुख्य मुद्दा, तो मात्र घाईत. 1660. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, चार महिने. राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली, ती आगळीक पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर लुटून वसूल केली. जुलैच्या पावसात महाराज गडाबाहेर पडले. शिवा काशीद त्यांच्या वेषात दुसऱ्या पालखीत, तो सापडला आणि मारला गेला. बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली, ती पावनखिंड झाली. आपण खिंडीतल्या तलवारीची गाणी गातो, ते बरोबरच. पण ती लढाई कशासाठी होती? माघार पुरी व्हावी म्हणून. विशाळगडावरच्या तोफा वाजल्या, त्या जिंकल्याच्या नव्हे, पोचल्याच्या.

म्हणजे चांगल्या माघारीच्या तीन खुणा. मागे कोण थांबलंय, पुढं कुठं पोचायचंय, आणि परत यायचा बेत आहे का. पन्हाळ्याला तिन्ही होत्या. वेताळाला शेवटच्या दोन. ठाकूरसाहेबांकडे फक्त घरची गाडी.

पुराव्यांवर बोलायचं होतं, आता राहिलं. पंचविसाव्या गोष्टीला राजा गप्प बसतो, म्हणून वेताळ उडत नाही. मी बोलत राहिलो तर तुम्ही चहाकडे उडाल. शिवाय अध्यक्षांनी माईकच्या वायरला हात घातलाय.